आधी मोजपट्टी, मग मोटार

घरात नवी गाडी घ्यायची ठरली, की चर्चा रंगाची होते, मायलेजची होते, हप्त्याची होते. मुलगा पुढच्या पडद्याच्या आकाराविषयी बोलतो, सून मागच्या कॅमेऱ्याविषयी, आणि नातवाचा प्रश्न एकच असतो : ‘माझी सायकल आत मावेल का?’ या सगळ्या चर्चेत खिडकीशी बसलेल्या आजींना सहसा कोणी काही विचारत नाही. गाडी दारी येते, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, पेढे वाटले जातात. आणि पंधरवड्याने आजींना तपासणीसाठी न्यायची वेळ आली, की ध्यानात येते, त्यांची व्हीलचेअर डिक्कीत जात नाही.

यानंतर जे घडते ते माझ्यासारख्या डॉक्टरला दवाखान्यात बसून दिसते. आधी देवदर्शन बंद होते, मग नातेवाइकांकडचे जाणे, मग शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरचा संध्याकाळचा अर्धा तास. शेवटी उरते ती केवळ रुग्णालयाची वारी, आणि तीही टॅक्सी मिळाली तर. बाहेर न पडणाऱ्या वृद्धांचे स्नायू झपाट्याने सैल होतात, तोल जाण्याची भीती वाढते, भूक मंदावते, मन उदास होते. गाडी आणि आरोग्य यांचा असा थेट संबंध आहे. म्हणूनच या अंकात औषधांऐवजी मोटारीच्या निवडीविषयी काही सांगावे असे वाटले.

सायकल आणि व्हीलचेअर : एकाच कुळातल्या

नातवाचा प्रश्न बाष्कळ नाही. उलट घरातला सर्वांत नेमका प्रश्न त्यानेच विचारलेला असतो. सायकल आणि व्हीलचेअर या दोन्ही वस्तू वजनाने फार जड नसतात, पण आकाराने अवघड असतात. नळ्या, चाके, बाहेर आलेले दांडे, कुठेही अडकणारे कोपरे. तांदळाचे पोते डिक्कीत कसेही कोंबता येते. या दोन वस्तू कोंबता येत नाहीत.

रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवर मुलांना सायकल फिरवायला नेणाऱ्या पालकांना ही विद्या अवगत असते. ते मागची बैठक दुमडतात, सायकलचे पुढचे चाक काढतात, साखळीची बाजू वर ठेवतात, खाली जुनी चादर अंथरतात. असे केले की मोठ्या माणसाची सायकलही मध्यम आकाराच्या गाडीत आडवी निजते. या पालकांना गाडीच्या जाहिरातीतल्या आकड्यांपेक्षा मागच्या दाराच्या तोंडाची रुंदी अधिक महत्त्वाची वाटते. व्हीलचेअर नेणाऱ्या कुटुंबाने हीच दृष्टी उसनी घ्यावी. फरक इतकाच, की सायकल नेताना मागची बैठक दुमडून चालते. आजी-आजोबांना नेताना त्या बैठकीवर सोबत करणारे माणूस बसायचे असते.

लिटरचा आकडा काय सांगत नाही

डिक्कीचे माप लिटरमध्ये दिलेले असते. उदाहरणार्थ, सध्याच्या पेट्रोल वॅगनआरची डिक्की ३४१ लिटरची आहे. आता साधी घडीची व्हीलचेअर घ्या. पाय ठेवण्याच्या पट्ट्या काढून ती मिटली, की सुमारे ९० सेंटिमीटर उंच, ८० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर जाड असा एक फळीसारखा ठोकळा उरतो. गुणाकार केला तर हे २१६ लिटर होतात. कागदावर ती ३४१ लिटरमध्ये आरामात मावायला हवी. प्रत्यक्षात मात्र डिक्कीचे तोंड, मागच्या बैठकीपासून दारापर्यंतची खोली आणि चाकांच्या कमानींमुळे आत येणारे फुगवटे यांवर सारे ठरते. पाणी कोपऱ्याकोपऱ्यांत शिरते, लोखंडी खुर्ची शिरत नाही.

आपल्याकडे या अडचणीला एक खास कारणही आहे. गाडीची लांबी ४ मीटरच्या आत असेल तर तिच्यावरचा कर कमी बसतो. त्यामुळे लोकप्रिय गाड्यांपैकी पुष्कळशा या मर्यादेत बसवलेल्या असतात. माणसांना पाय पसरायला जागा द्यायची आणि लांबी वाढू द्यायची नाही, म्हटल्यावर कात्री डिक्कीलाच लागते. सात आसनी गाडी घेतली म्हणजे प्रश्न सुटला, असेही समजू नका. एर्टिगाची तिसरी रांग उभी असताना मागे २०९ लिटर एवढीच जागा राहते. तिसरी रांग दुमडली तर व्हीलचेअर ऐसपैस बसते, पण मग ती गाडी पाच जणांचीच उरते. हे आधी ठाऊक असावे.

तेव्हा घरची व्हीलचेअर मिटून तीन मापे कागदावर लिहा : उंची, लांबी, जाडी. चौथे माप वजनाचे. ते घेण्याची सोपी रीत अशी, की वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहावे, मग खुर्ची उचलून उभे राहावे आणि वजाबाकी करावी. पोलादी नळ्यांची साधी खुर्ची १५ ते २० किलो भरते. ॲल्युमिनियमची त्याहून हलकी असते. मागची चाकेही लहान असलेली, मागून ढकलण्याची प्रवासी खुर्ची आणखी हलकी मिळते. ज्या घरात रुग्ण स्वतः चाके फिरवत नाही आणि खुर्ची नेहमी दुसरेच कोणी ढकलते, तिथे गाडीसाठी अशी दुसरी हलकी खुर्ची घेणे, हे मोठी गाडी घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. कित्येकदा गाडीऐवजी खुर्ची बदलणे हेच खरे उत्तर असते.

सीएनजीची टाकी

मुंबईत गाडी घ्यायची म्हणजे सीएनजीचा विचार ओघाने आलाच. रोजचा खर्च वाचतो, हे खरे. पण वॅगनआरसारख्या गाडीत सीएनजीची ६० लिटर क्षमतेची टाकी थेट डिक्कीत बसते, आणि मग तिथे एखादी हातपिशवी, फार तर वॉकर, एवढेच मावते. आपल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींची डिक्की उघडली की हेच दृश्य दिसते. जुन्या पद्मिनी टॅक्सींच्या टपावर लोखंडी कॅरिअर असे. ट्रंका, वळकट्या आणि प्रसंगी व्हीलचेअरही त्यावर दोरीने आवळली जाई. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी रस्त्यावरून निवृत्त झाली. नव्या टॅक्सीला कॅरिअर असेलच, याचा भरवसा नाही.

यावर काही उत्पादकांनी तोडगे काढले आहेत. टाटा मोटर्सने २०२३ मध्ये अल्ट्रोझ गाडीत एका मोठ्या टाकीऐवजी ३० लिटरच्या दोन छोट्या टाक्या डिक्कीच्या फरशीखाली बसवल्या, आणि वरची बरीच जागा मोकळी झाली. सीएनजी हवाच असेल तर अशी रचना असलेली गाडी पाहा. मात्र टाक्यांमुळे डिक्कीची फरशी किती वर आली आहे आणि खुर्ची उभी राहते की आडवीच ठेवावी लागते, हे तिथेच तपासा. टाकी उघडी असेल तर तिच्या झडपेवर किंवा नळीवर खुर्चीचा भार कदापि येऊ देऊ नका. सीएनजीच्या टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते, हेही लक्षात असू द्या.

गुडघ्याचे माप

खुर्चीची जागा झाली, आता माणसाची. गाडीत बसणे ही तरुणांना न जाणवणारी, पण संधिवात, पक्षाघात किंवा कंपवात असलेल्या माणसाला दमवणारी कसरत आहे. तिची कठीणाई एका गोष्टीवर अवलंबून असते : जमिनीपासून बैठकीची उंची.

बैठक फार खाली असेल, तर बसताना माणूस शेवटचे काही इंच अक्षरशः कोसळतो, आणि उठताना गुडघ्यांवर व मांड्यांवर सारा भार येतो. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाला तर सुरुवातीचे काही आठवडे खुबा काटकोनापेक्षा अधिक वाकवू नका, असे बहुधा सांगितलेले असते. खोल बैठकीत नेमके तेच घडते. बैठक फार उंच असेल, तर टाचा जमिनीवरून सुटतात आणि माणूस पायरीवर लोंबकळतो. आपल्याकडच्या बुटक्या आजींसाठी उंच एसयूव्ही ही मोठी अडचण ठरते.

योग्य उंचीची परीक्षा सोपी आहे. दार पूर्ण उघडून, पाय बाहेर ठेवून बैठकीच्या कडेवर आडवे बसावे. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत आणि खुबे गुडघ्यांपेक्षा किंचित वर असले पाहिजेत. व्हीलचेअरवरून सरकून बसायचे असेल, तर खुर्चीची आणि गाडीची बैठक शक्य तितकी एका पातळीत असावी. ही परीक्षा मुलाने देऊन उपयोग नाही. ज्यांना बसायचे आहे त्यांनीच द्यायची.

आणखी एक बारकावा. शोरूमची फरशी सपाट असते. आपला रस्ता तसा नसतो. माणूस पदपथावर उभा असेल आणि गाडी खाली रस्त्यावर लागली असेल, तर उंच गाडी सोयीची होते आणि बुटकी गाडी आणखी खोल जाते. आपल्या दारासमोर पदपथ आहे की सपाट गल्ली, हे आठवून निर्णय घ्या. काही विजेच्या गाड्यांत बॅटरी पायांखाली असल्यामुळे आतली फरशी वर आलेली असते. बसल्यावर गुडघे पोटाकडे येतात. अशा गाडीत किमान वीस मिनिटे बसून पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

बसण्याची रीत

बहुतेकजण एक पाय आत टाकून, डोके वाकवून, दाराला धरून गाडीत शिरतात. वृद्धांनी असे कधीही करू नये. दार हलते आणि तोल जातो. योग्य क्रम असा : गाडीकडे पाठ करून मागे सरकावे, पोटरीला गाडीची कड लागली की एक हात गाडीच्या न हलणाऱ्या भागावर ठेवावा, हळूच बूड टेकवावे, डोके सांभाळावे, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत फिरावे. बैठकीवर गुळगुळीत कापड किंवा प्लॅस्टिकची पिशवी अंथरली तर फिरणे सोपे जाते. गाडी सुरू होण्यापूर्वी ती काढून घ्यावी, नाहीतर ब्रेक लागताच माणूस पुढे घसरतो.

वृद्धांसाठी बहुधा पुढची डावी बैठक उत्तम. तिचे दार मोठे असते, बैठक मागे सरकते, पाठ कलते. एअरबॅग असल्यास छाती आणि डॅशबोर्ड यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर राहील, इतकी बैठक मागे घ्यावी. मात्र नातवाची सायकल किंवा मिटलेली खुर्ची याच बैठकीच्या मागे येत असेल, तर ती मागे सरकणार नाही. म्हणून मागची बैठक दोन भागांत दुमडते का, आणि दुमडणारा भाग कोणत्या बाजूचा, हे पाहणे महत्त्वाचे.

पक्षाघाताच्या रुग्णांसाठी एक सूचना. रुग्णाला धडधाकट बाजू पुढे करून सरकवणे सोपे असते. डाव्या दाराशी, गाडीच्याच दिशेने तोंड करून व्हीलचेअर लावली, तर बसताना रुग्ण उजवीकडे सरकतो. म्हणजे ज्यांची डावी बाजू दुबळी आहे, त्यांना या दाराने बसणे सोपे आणि उतरणे अवघड; ज्यांची उजवी बाजू दुबळी आहे, त्यांचे उलट. उजव्या दाराने बसवावे, तर ते वाहत्या रस्त्यावर उघडते. तेव्हा डावे दारच वापरा आणि अवघड वाटणारी हालचाल फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष गाडीपाशी उभे राहून शिकून घ्या. दोन-तीन वेळा शिकवले की घरच्यांचा हात बसतो.

सात आसनी गाडीत वृद्धांना तिसऱ्या रांगेत मुळीच बसवू नका. ती रांग मागच्या चाकांवर येते आणि प्रत्येक गतिरोधकाचा दणका थेट कण्याला बसतो. हाडे ठिसूळ झालेल्या आजींच्या मणक्याला एवढ्यानेही इजा होऊ शकते.

उचलणाऱ्याची पाठ

काळजीवाहकांनो, हा भाग तुमच्यासाठी. ऐंशीच्या आजोबांची खुर्ची उचलणारी व्यक्ती पुष्कळ घरांत पंचाहत्तरीच्या आजी असतात, नाहीतर पन्नाशी ओलांडलेली मुलगी किंवा सून. १८ किलोची खुर्ची जमिनीवरून उचलून, डिक्कीच्या कठड्यावरून पलीकडे नेऊन, पुन्हा आत खाली ठेवायची, ही हालचाल कंबरेच्या मणक्यांना सर्वांत घातक. दिवसातून चारदा ती केली, तर घरात दुसरा रुग्ण तयार होतो.

म्हणून ज्या गाडीत डिक्कीचा कठडा कमी उंच असतो आणि आतली फरशी त्याच पातळीत असते, ती पसंत करा. खुर्चीची पायपट्टी, उशी आणि निघत असल्यास मागची चाके आधी वेगळी करा; एक जड ओझे चार हलक्या ओझ्यांत वाटले जाते. खुर्ची मिटून तिची चाके कठड्याला टेकवा आणि उचलण्याऐवजी कलती करून आत लोटा. कठड्यावर जाड सतरंजीचा तुकडा ठेवला, की रंगही खरवडत नाही. पाय किंचित फाकवून गुडघे वाकवा, ओझे पोटाजवळ ठेवा आणि कंबरेतून वळू नका. पावले टाकून वळा. मागचे दार वर उघडणारे असेल, तर ते ओढून बंद करण्यापुरता आपला हात पोहोचतो ना, हेही शोरूममध्येच पाहा. पोहोचत नसेल तर दाराच्या आतल्या मुठीला मजबूत पट्टा बांधून घ्या.

बांधल्याशिवाय निघू नका

गाडीच्या आत नेलेली सायकल पावसात भिजत नाही, चोरीला जात नाही. पण आतली मोकळी वस्तू अपघातात शस्त्र बनते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळून थांबली, तर आतली सुटी वस्तू त्याच वेगाने पुढे जाते. सुमारे १० मीटर उंचीवरून खाली येणाऱ्या वस्तूला जमिनीवर आपटताना हाच वेग असतो. १० मीटर म्हणजे चाळीचा तिसरा मजला. तिथून १५ किलोची लोखंडी खुर्ची खाली भिरकावली, तर अंगणात उभ्या माणसाचे काय होईल, याची कल्पना करा.

मागची बैठक उभी आणि तिची कडी नीट अडकलेली असेल, तर ती डिक्कीतल्या सामानापुढे भिंतीचे काम करते. ती दुमडली असेल, तर भिंत उरत नाही. खुर्ची किंवा सायकल डिक्कीतल्या कड्यांना न ताणणाऱ्या, आवळता येणाऱ्या पट्ट्याने बांधावी. लवचिक रबरी दोरी पुरेशी नाही. खुर्ची मागच्या बैठकीवरच ठेवायची झाली, तर सीटबेल्ट तिच्या नळ्यांतून ओवून लावावा. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर सोबत असेल, तर तोही घट्ट बांधावा, खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि गाडीत कोणी विडी-सिगारेट पेटवू नये.

माणसांनाही हाच नियम. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला; मागच्या बैठकीवरच्या प्रवाशांनी पट्टा लावला नव्हता, हे तेव्हा सर्वांसमोर आले. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत मागच्या प्रवाशांनाही पट्टा सक्तीचा असल्याचे पोलिसांनी जाहीर केले. ‘आजोबांना पट्टा टोचतो’ ही सबब चालणार नाही. खालचा पट्टा पोटावरून न जाता मांड्यांच्या वर, खुब्याच्या हाडांवरून जाऊ द्या. पेसमेकर बसवलेला असेल तर पट्ट्याखाली मऊ रुमालाची घडी ठेवा, पण पट्टा लावाच. लघवीची नळी असेल तर ती पट्ट्याखाली दबणार नाही, हे पाहा.

रुग्णाला व्हीलचेअरवर बसल्या स्थितीतच गाडीत चढवायचे असेल, तर त्यासाठी उतार, खुर्ची चार बाजूंनी जखडणारे पट्टे आणि माणसासाठी स्वतंत्र पट्टा असलेली खास गाडी लागते. साध्या गाडीच्या बैठका काढून घरगुती जुगाड करू नका. दाराबाहेर फिरून येणारी बैठक बसवून मिळते आणि ती अनेकांना उपयोगी पडते. पण गाडीच्या रचनेत असा बदल करण्यापूर्वी ताडदेवच्या आरटीओत त्याविषयीचे नियम विचारून घ्या.

आपली गल्ली, आपले पार्किंग

गिरगावातल्या वाडीत किंवा लालबागच्या चाळीत राहणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला नको : गाडी दारापर्यंत येईलच असे नाही. जिना उतरून गाडीपर्यंतचे अंतर व्हीलचेअरनेच कापायचे असेल, तर खुर्चीची रुंदी वाडीच्या दिंडीतून जाते का, हेही मोजा. गणेशोत्सवात लालबाग-परळचे रस्ते बंद होतात; त्या दिवसांतल्या डायलिसिसच्या आणि तपासणीच्या वेळा आधीच आखून ठेवा. हिंदमाता परिसरात पाणी भरण्याचा अनुभव परळ-दादरकरांना नवा नाही. मुसळधार पावसाचा इशारा असेल तर एरवीपेक्षा लवकर निघा, किंवा ती भेट पुढे ढकलता येईल का हे डॉक्टरांना विचारा.

ज्यांच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला आहे, त्यांच्यापुढे निराळाच प्रश्न असतो. तिथे गाडी यांत्रिक पार्किंगच्या पाळण्यात जाते. त्या पाळण्याला गाडीची उंची, रुंदी आणि वजन यांची मर्यादा असते. उंच गाडी घेतल्यावर ती आपल्या पाळण्यात बसत नाही, असे होऊ नये. टपावर सायकलचा स्टँड बसवण्याचा बेत असेल तर तोही इथेच बारगळतो. शिवाय पाळण्यात गाडी उभी असताना डिक्की उघडता येत नाही. खुर्ची आणि माणूस दोघांनाही बाहेर, आवारात चढवावे लागते. तिथे छप्पर आहे का, पाच मिनिटे गाडी थांबवता येते का, याची चौकशी सोसायटीत आधीच करा.

प्रवासाचा वेळही हिशेबात घ्या. प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद झाला, आणि पश्चिमेकडून केईएम किंवा टाटा मेमोरिअल गाठणाऱ्यांना टिळक पुलाचा किंवा करी रोडच्या पुलाचा वळसा पडू लागला. पूर्वी दहा मिनिटांत संपणारी बैठक आता दीर्घ झाली. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी तिची वेळ डॉक्टरांना विचारून त्या दिवसापुरती मागेपुढे करावी. मधुमेह्यांनी साखर जवळ ठेवावी. इन्शुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवून जाऊ नये. उतरताना लगेच उभे न राहता पाय बाहेर ठेवून मिनिटभर बसावे. रक्तदाब एकदम उतरून चक्कर येण्याचा धोका टळतो.

गाडी घ्यायलाच हवी का?

हा प्रश्न स्वतःला विचारायला संकोचू नका. एक महिना वहीत नोंद ठेवा : आजी-आजोबा किती वेळा बाहेर पडले, कुठे गेले, आणि किती वेळा वाहनाच्या अडचणीमुळे जाणे रद्द झाले. ही शेवटची संख्या सर्वांत बोलकी असते. महिन्याला दोन-तीनच फेऱ्या असतील, तर ओळखीच्या टॅक्सीवाल्याशी वेळ ठरवणे आणि सोबत हलकी घडीची खुर्ची ठेवणे पुरते. ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावू लागलेल्या भुयारी मेट्रोची गिरगाव, सिद्धिविनायक आणि दादर ही स्थानके आपल्याच भागात आहेत. तिथे लिफ्ट आहे आणि फलाट डब्याच्या पातळीला आहे. बेस्टच्या कमी उंचीच्या बसमध्येही जिन्याच्या पायऱ्या नसतात. ज्यांना डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा जावे लागते, किंवा ज्यांना भल्या पहाटे अचानक निघावे लागते, त्यांच्यासाठी मात्र घरची गाडी ही चैन राहत नाही.

शोरूमला निघताना

घरातल्या चौघांनी ठरवून एक सकाळ काढा. विक्रेत्याला आधी फोन करून सांगा, की आम्ही व्हीलचेअर घेऊन येणार आहोत. सोबत मोजपट्टी, खुर्चीच्या मापांचा कागद, खुद्द खुर्ची, वॉकर असेल तर तोही, आणि जमल्यास नातवाची सायकलही न्या. मुख्य म्हणजे आजी-आजोबांना न्या. त्यांना उन्हात ताटकळत ठेवू नका. सकाळची लवकरची वेळ निवडा.

मग या क्रमाने पाहा. आजी स्वतःच्या पद्धतीने बसू आणि उतरू शकतात का, लागोपाठ दोनदा? दुसऱ्या खेपेला दम लागला, तर ती गाडी त्यांची नाही. घरात जी व्यक्ती रोज खुर्ची उचलणार आहे, तिने एकटीने खुर्ची आत ठेवून बाहेर काढावी. विक्रेत्याने मदत करू नये. खुर्ची आत असताना उरलेल्या माणसांना बसायला जागा राहते का, ते सगळ्यांना बसवून पाहा. मागची बैठक अर्धी दुमडून सायकल ठेवा आणि पुढची डावी बैठक आता किती मागे जाते, ते मोजा. सामान बांधायच्या कड्या बोटाने ओढून पाहा. शेवटी पाच-दहा मिनिटे खड्ड्यांच्या रस्त्यावरून फिरवून आणा आणि आजींना विचारा, पाठीला कसे वाटते.

हे सारे जमून आलेली गाडी दिसायला कदाचित साधी असेल, तिचा रंग नातवाच्या आवडीचा नसेल. उंच छपराची, सपाट फरशीची, रुंद दाराची एखादी छोटी गाडी दिमाखदार एसयूव्हीपेक्षा आपल्या घराला अधिक मानवेल. शेजारी काय म्हणतील, याला औषध नाही. पण आजींना दर रविवारी नातवाच्या सायकलसोबत मरीन ड्राइव्हवर नेता आले, तर त्यांच्या गुडघ्यांना, मनाला आणि माझ्या औषधाच्या चिठ्ठीला त्याचा गुण नक्की दिसेल.